बारापैकी दहा आणि शिराळ्याचे घोडे

परवा तात्यांचा फोन आला. कडेगाव तालुक्यातले, वडिलांच्या ओळखीचे. २०२१ च्या एप्रिलात त्यांचा धाकटा भाऊ मिरजेत बावीस दिवस ऑक्सिजनवर होता. वाचला, पण फुफ्फुसावर डाग राहिले. अजून जिना चढताना मध्येच थांबतो. तात्या म्हणाले, "पत्रकार, मोबाइलवर जाहिरात आलीया. स्टेम सेल म्हणं. कोरोनानं खराब झालेलं फुफ्फुस नवं हुतंय. परदेशात बारापैकी धा माणसं वाचली आसं लिवलंय. एक एकर इकावं का काय करावं?"

मी म्हटलं, तात्या, दोन दिवस द्या. दोनाचे आठ झाले. उत्तर फोनवर सांगण्याएवढं लहान राहिलं नाही म्हणून इथं लिहितोय. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात तेव्हाचा कुणी ना कुणी अजून धापा टाकत असेल, त्यांनाही उपयोग होईल.

आधी एक सांगतो. बारापैकी दहा हा आकडा खोटा नाही. तो कुठनं आला ते पुढं येईलच. पण त्याआधी आपल्याच जिल्ह्यातला एक आकडा आठवा. सव्वीस.

मार्च २०२०. तेव्हाचं इस्लामपूर, आताचं ईश्वरपूर. सौदीहून परतलेल्या चौघांचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि आठवड्याभरात आकडा पंचवीस-सव्वीसवर गेला. सगळ्या महाराष्ट्राच्या नजरा सांगलीवर. मी तेव्हा रोज रात्री मिरजेच्या सिव्हिलला फोन लावायचो. आपण सगळ्यांनी मनात काय काय धरलं होतं ते आता कबूल करायला हरकत नाही. पण एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले बहुतेक बरे होऊन घरी गेले. जिल्ह्यातला पहिला मृत्यू त्यानंतर झाला, आणि तो या सव्वीसमधला नव्हता.

आता समजा, त्या सव्वीस जणांना त्यावेळी कुणी स्टेम सेल टोचल्या असत्या. किंवा प्लाझ्मा दिला असता. किंवा एखाद्या महाराजांचा अंगारा लावला असता. आज गावोगाव फलक लागले असते: सव्वीसपैकी सव्वीस! आणि मी स्वतः पहिल्या पानावर बातमी केली असती. खोटी नव्हे, खरीच. दिलं आणि बरे झाले, एवढंच त्यात असतं.

ज्या रोगातून बहुतेक माणसं आपोआप उठतात त्यात प्रत्येक औषध गुणकारी दिसतं. तात्यांना मला सांगायचं होतं ते हेच. पण हे आपल्या डोक्यात सहजासहजी बसत नाही. डॉक्टरांच्याही बसायला फार वर्षं लागली. म्हणून थोडं मागं जाऊ.

दुसऱ्याच्या शरीराकडून बचाव उसना घ्यायचा ही कल्पना १८९० ची. बर्लिनमध्ये एमिल बेहरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवलं की विष पचवलेल्या जनावराच्या रक्तातलं सीरम दुसऱ्याला टोचलं तर त्यालाही ते विष बाधत नाही. त्यातनं घटसर्पावरचं सीरम आलं. तेव्हा घटसर्प म्हणजे लेकरांचा काळ. घसा आवळून मूल डोळ्यांदेखत जायचं. सीरम आलं आणि मुलं वाचू लागली असं सगळे म्हणू लागले. कोपनहेगनला योहानेस फिबिगर नावाचा तरुण डॉक्टर होता. तो म्हणाला, म्हणून चालायचं नाही, मोजू या. एक दिवस जेवढे रोगी येतील त्यांना सीरम द्यायचं, दुसऱ्या दिवशी येतील त्यांना नाही. बाकी उपचार सारखेच. वर्षभर हे चाललं. सीरम मिळालेल्या २३९ पैकी ८ दगावले, न मिळालेल्या २४५ पैकी ३०. हे १८९८ साली छापून आलं. घोड्याच्या रक्तात खरंच गुण होता, आणि तो मोजल्यामुळं पक्का झाला.

सीरम न मिळालेल्या त्या तीस मुलांचा विचार केला की पोटात कालवतं, हे खरंय. पण तुलना केलीच नसती तर पुढचे कित्येक जण निव्वळ तर्कावर राहिले असते.

याच सुमाराला आपल्याकडं प्लेग होता. मुंबईहून पुणे, साताऱ्याकडं तो रेल्वेनं आणि माणसांच्या पायानं आला. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच गेल्या. सातारा, कराड भागात लोक गावं सोडून रानात खोपट्या घालून राहिले. आमच्या आजीला तिच्या आजीनं सांगितलेल्या गोष्टींत ते रान होतं. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली ती याच वर्षी, जानेवारीत. लस ही रोग होण्याआधी. झाल्यावर काय? तर घोड्याचं सीरम. आर्थर रोडच्या इस्पितळात डॉ. नसरवानजी चोक्सी प्लेगच्या रोग्यांना ते देऊन पाहत होते आणि एकाआड एक रोग्याला देऊन तुलना करत होते. म्हणजे ही रीत काही आपल्याला परकी नाही, सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत वापरून झालीय. प्लेगच्या सीरमनं मात्र घटसर्पासारखी करामत केली नाही.

मग १९१८. आपल्याकडं जिला मानमोडी म्हणतात ती साथ. फुफ्फुसात पाणी भरून तरणीताठी माणसं दोन-तीन दिवसांत जात. तेव्हा विषाणू कुणी पाहिलेलाही नव्हता. अमेरिकेत काही डॉक्टरांनी बऱ्या झालेल्या रोग्यांचं रक्त किंवा सीरम आजाऱ्यांना दिलं. त्यांच्या नोंदी कपाटात पडून होत्या. २००६ साली काही संशोधकांनी त्यातली आठ टिपणं एकत्र केली, एकूण १,७०३ रोगी. रक्त मिळालेल्यांत १६ टक्के मेले, न मिळालेल्यांत ३७ टक्के. ऐकायला केवढा फरक! पण कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांना दिलं ते आधीच कमी आजारी असतील, किंवा लवकर दाखल झाले असतील, हे त्या जुन्या कागदांवरून वेगळं काढता येत नाही.

२०२० मध्ये कोरोना आल्यावर जगानं हाच कागद बाहेर काढला.

प्लाझ्माचं पुढचं तुम्हाला आठवत असेल. २९ जून २०२० ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 'प्लॅटिना' प्रकल्प सुरू केला, राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत प्लाझ्मा देण्याचा. जगातला सर्वांत मोठा, असं तेव्हा सांगितलं गेलं आणि आम्ही छापलं. दुसरीकडं आयसीएमआरची चाचणी आधीच सुरू होती. देशातली ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण, चिठ्ठी टाकून दोन गट. महिन्याभरात आजार बळावला किंवा मृत्यू आला असे प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. हा निकाल सप्टेंबर २०२० मध्ये सगळ्यांसमोर होता, ऑक्टोबरात तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रीतसर छापून आला. नंतर ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत साडेअकरा हजार रुग्णांवर पाहिलं. दोन्हीकडं २४ टक्के मृत्यू. तेच.

आता तारखा बघा. निकाल सप्टेंबर २०२० चा. आपल्याकडं दुसरी लाट एप्रिल २०२१ ची. त्या एप्रिलात माझ्या फोनवर रोज तीस-चाळीस मेसेज असायचे. 'ए पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीनं हवा, कराड', 'बी निगेटिव्ह, सांगली, पेशंट सिरियस'. पोरं मोटारसायकलवर रात्री साताऱ्याहून कोल्हापूर गाठायची. संचारबंदीत पोलिसांच्या काठ्या खायची. आणि मी? मी ते सगळे मेसेज पुढं पाठवले. 'प्लाझ्मादात्यांनी पुढे यावे' अशी तीन कॉलमी बातमी माझ्या नावानं आहे. सहा महिन्यांपूर्वी आपल्याच देशातल्या ३९ रुग्णालयांनी उत्तर देऊन ठेवलं होतं आणि पत्रकारितेचा डिप्लोमा भिंतीवर टांगून मी ते वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी एखाद्याच्या पोराला 'नको पळू' म्हणायची छाती झाली असती का, हेही सांगता येत नाही. १७ मे २०२१ ला केंद्रानं प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढला. तोवर लाट उतरायला लागली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिराळ्याचं नाव गाजलं. नागपंचमीसाठी नव्हे, कोरोनासाठी.

बत्तीस शिराळा, नागांचं गाव. कोर्टाच्या आदेशानं जिवंत नागाची पूजा थांबली, पण गावाची ओळख तीच. तिथंच आयसेरा बायोलॉजिकल ही कंपनी सर्पदंशावरची लस बनवते. 'लस' हा आपला बोलण्यातला शब्द. खरं तर ते प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचत जायचं. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग रक्त काढायचं, त्यातलं पिवळं पाणी ठेवायचं, लाल पेशी घोड्याला परत द्यायच्या. पेप्सिन नावाच्या पाचक रसानं प्रतिपिंडाचा नको असलेला बुंधा तोडायचा, म्हणजे माणसाला घोड्याच्या प्रथिनाची रिअॅक्शन कमी येते. उरलेलं शुद्ध करून कुपीत भरायचं. बेहरिंगचीच वाट ही.

कंपनीनं ठरवलं, सापाच्या विषाऐवजी कोरोनाच्या विषाणूचं प्रथिन टोचून बघू. ते प्रथिन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या मदतीनं मिळालं. तयार झालेल्या औषधानं सौम्य आणि मध्यम रुग्ण ७२ ते ९० तासांत निगेटिव्ह होतील, असा कंपनीचा अंदाज बातम्यांत आला. आणि आम्ही हेडिंगं दिली: 'कोरोनावर सांगलीचा रामबाण'. तेव्हा काय चाललं होतं, तर माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा. पहिल्या टप्प्यात औषध सोसतंय का एवढंच बघतात. गुण येतो का हे दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात कळतं. कंपनीनं टप्पा लपवला नव्हता, बातमीच्या चौथ्या परिच्छेदात तो होता. हेडिंगात नव्हता, आणि हेडिंग आमचं.

हे एकट्या शिराळ्याचं डोकं होतं असंही नाही. हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीबरोबर आयसीएमआरनं घोड्याचं सीरम केलं होतं. अर्जेंटिनानं तर डिसेंबर २०२० मध्येच असल्या औषधाला सशर्त परवानगी दिली होती. कल्पना चांगली होती. साप चावलेल्याला हेच घोडे रोज वाचवतात. घोणस चावल्यावर न गोठणारं रक्त प्रतिविष दिल्यावर गोठायला लागतं, काचेच्या नळीत डोळ्यांनी दिसतं. पण विषाणूच्या न्यूमोनियाचं तसं नाही. रुग्ण ऑक्सिजनवर येतो तोवर विषाणूचा जोर बऱ्याचदा ओसरायला लागलेला असतो आणि शरीराचीच फौज फुफ्फुसात धुमाकूळ घालत असते. तिथं विषाणूवर प्रतिपिंडं सोडून किती फायदा होणार? प्लाझ्मा बहुधा इथंच फसला.

आणि स्टेम सेलवाल्यांचा मुद्दा नेमका इथून सुरू होतो. ते म्हणाले, विषाणू सोडा, त्या माजलेल्या फौजेला आवरू. या पेशी हाडाच्या मगजातून, चरबीतून किंवा बाळाच्या नाळेतून घेतात. प्रयोगशाळेत वाढवतात आणि सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. शिरेतलं रक्त हृदयातून आधी फुफ्फुसात जातं, तिथल्या बारीक केशवाहिन्यांत या पेशी अडकतात. एरवी ही अडचणच, पण इथं आजारही फुफ्फुसातच. तिथं त्या सूज उतरवणारी रसायनं सोडतात आणि थोड्या काळात मरून जातात. जाहिरातीत 'नवं फुफ्फुस उगवतं' म्हणतात तसं काही होत नाही. रोप लावल्यासारखं ते नसतंच.

बीजिंगच्या यूआन रुग्णालयात २०२० च्या सुरुवातीला सात रुग्णांना या पेशी दिल्या, सातही सुधारले. तुलनेला किती होते? तीन. मग न्यूयॉर्क. माउंट सायनाय रुग्णालयात मार्च-एप्रिलमध्ये व्हेंटिलेटरवरच्या बारा जणांना मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या पेशी दिल्या. दहा वाचले. तात्यांच्या मोबाइलवर आलेले ते हेच बारापैकी दहा.

तेव्हा न्यूयॉर्कमध्ये व्हेंटिलेटरवरचे ८८ टक्के मरतात असा आकडा फिरत होता. त्याच्यापुढं बारापैकी दहा म्हणजे चमत्कारच. पण तो ८८ चा आकडा कसा निघाला होता ते बघा. व्हेंटिलेटरवर एकूण १,१५१ रुग्ण होते. त्यातले २८२ मेले होते, ३८ घरी गेले होते आणि ८३१ अजून रुग्णालयातच होते. हे ८३१ हिशेबात धरलेच नव्हते! धरल्यावर तोवरचे मृत्यू होतात साडेचोवीस टक्के. त्या नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली. ८८ ची बातमी जगभर झाली, दुरुस्तीची किती ठिकाणी वाचलीत? म्हणजे बारापैकी दहा खरे होते, ते ज्याच्याशी ताडून पाहिले ती फूटपट्टीच वाकडी होती.

मेसोब्लास्टनं नंतर नीट चाचणी केली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. तीनशे रुग्ण ठरले होते. डिसेंबर २०२० मध्ये देखरेख समितीनं मधला हिशेब बघितला आणि ठरलेला फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून नवी भरती थांबली. पूर्ण निकाल २०२३ मध्ये छापून आला. पेशी मिळालेल्या ११२ पैकी ४२ जण महिन्याभरात गेले, म्हणजे ३७.५ टक्के. न मिळालेल्या ११० पैकी ४७ गेले, म्हणजे ४२.७ टक्के. पाच टक्क्यांचा हा फरक नशिबानंही पडू शकतो, एवढ्या संख्येत त्यावर विसंबता येत नाही. त्याच पेशींना डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, पण वेगळ्या आजारासाठी: मगज बदलल्यानंतर आलेल्या पेशी लहान मुलाच्या शरीरावर उलटतात आणि स्टेरॉइडला दाद देत नाहीत, तेव्हा. म्हणजे त्या टाकाऊ नाहीत. कोरोनाच्या फुफ्फुसावर त्यांचा गुण सिद्ध झाला नाही, एवढंच. आणि ही सगळी चाचणी व्हेंटिलेटरवरच्या ताज्या रुग्णांवर होती. काही वर्षांनंतरच्या डागाळलेल्या फुफ्फुसाशी तिचा संबंध लावणं म्हणजे आडसालीचा हिशेब खोडव्याला लावणं.

मग काय चाललं? डेक्सामेथासोन. साठ वर्षं जुनं स्टेरॉइड, मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळणारं. रिकव्हरी चाचणीतच, १६ जून २०२० ला जाहीर झालं. व्हेंटिलेटरवरचे मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा नाही. तेही फौज आवरायचंच काम करतं. प्लॅटिनासारखं त्याचं उद्घाटन झालं नाही आणि त्यासाठी कुणाला मोटारसायकलवर कोल्हापूर गाठावं लागलं नाही. पुढं आपल्याकडं गरज नसलेल्यांनाही ते भरमसाट दिलं गेलं, हा वेगळा आणि दुःखाचा विषय. त्यावर परत कधीतरी.

हे सगळं तात्यांना काल फोनवर सांगितलं, जमेल तेवढं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी फशिवत्यात?" मी म्हटलं, कायदा काय सांगतो तेवढं ऐका. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या काही आजारांतलं मगज-प्रत्यारोपण हे मान्य उपचार. तसल्या मान्य यादीबाहेर स्टेम सेल द्यायच्या तर फक्त परवानगी असलेल्या चाचणीत. आणि चाचणीत घेतलेल्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागतायत याचा अर्थ ती चाचणी नाही. चाचणी नाही याचा अर्थ ते द्यायचंच नाही. देशातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआयच्या संकेतस्थळावर असते, कुणालाही फुकट बघता येते.

तात्यांनी जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला. माझ्या सांगण्यावरून एकच विचारलं, तुमचा नोंदणी क्रमांक काय? पलीकडच्या मुलीनं सांगितलं, सर, तो डॉक्टरसाहेब भेटल्यावर देतील, आधी टोकन भरून अपॉइंटमेंट घ्या.

तात्यांनी भरलं नाही. भावाला छातीच्या डॉक्टरांकडं परत न्यायचं ठरलंय, श्वासाचे व्यायाम मध्येच सोडले होते ते पुन्हा सुरू करायचे म्हणाले. एकर अजून नावावर आहे. ऊस तुटून गेलाय.

तुमच्यापैकी कुणाला असा मेसेज आला असेल तर इनबॉक्समध्ये नोंदणी क्रमांक पाठवा, मी बघून सांगतो. क्रमांक देत नसतील तर जाहिरातीचा फोटो पाठवा, तोही मला हवाय.